उशिरा निघालेला वारसाचा कागद

डोंगरीतली मामूंची खोली रिकामी झाली तेव्हा तिथली पत्र्याची पेटी माझ्याकडे नवघरला आली. इमारत पुनर्विकासाला जाणार होती आणि मामूंच्या नव्या जागेत पेटीला कोपरा नव्हता. "मास्टर, तुला कागदांचा शौक आहे, तूच ने," असं म्हणून त्यांनी ती टेम्पोत चढवली. पेटीत जुनी रेशन कार्डं निघाली, जहाजावर जाणाऱ्यांची नली, म्हणजे नोकरीची नोंदवही निघाली, एक फाटका निकाहनामा निघाला. तळाशी टाचण्या गंजलेला इंग्रजी टाइपाचा एक जाड गठ्ठा होता. वर मुंबई हायकोर्टाचं नाव, त्याखाली 'टेस्टामेंटरी अँड इंटेस्टेट ज्युरिस्डिक्शन' आणि पिटिशन नंबर, सन १९७१. मयताचं नाव माझ्या अम्मीच्या दादांचं.

त्या वेळी मी घराण्याचा शजरा लिहीत होतो. दादांच्या नावापुढे मृत्यूचं साल रिकामं होतं. मी तिथे १९७१ लिहून टाकलं आणि पुढे गेलो. जवळजवळ तीन वर्षं ते तसंच राहिलं. घरात कोणी चूक दाखवली नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. मग एका सुट्टीत गठ्ठा सावकाश वाचला, तेव्हा दुसऱ्याच पानावर दिसलं की दादा वारले नोव्हेंबर १९५३ मध्ये. १९७१ हे अर्ज दाखल झाल्याचं साल होतं आणि कोर्टाने कागद दिला १९७३ साली. म्हणजे माणूस जाऊन वीस वर्षांनी त्याच्या वारसांचा कागद झाला.

जी चूक मी केली ती शजरा लिहिणारे बरेचजण करतात, म्हणून आधी तिच्याबद्दल. वारसाच्या कागदावर किमान तीन तारखा असतात: माणूस गेल्याची, अर्ज केल्याची आणि कोर्टाने कागद दिल्याची. ठळक अक्षरात असते ती दुसरी किंवा तिसरी. आपल्याला हवी असते पहिली, आणि ती आत, अर्जाच्या एखाद्या परिच्छेदात दडलेली असते. मधलं अंतर दोन महिन्यांचं असेल, चाळीस वर्षांचंही असेल. अंतर जितकं मोठं, तितकं त्या कागदात वाचण्यासारखं जास्त, हे मला नंतर कळलं.

आता कोणी विचारेल, मुसलमानाच्या घरात प्रोबेट आलं कुठून? प्रश्न बरोबर आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१३ ने मुंबईतल्या हिंदू आणि पारशी मृत्युपत्रांना प्रोबेट सक्तीचं केलं, आणि त्याच कलमाने मुसलमानांना सूट दिली. मृत्युपत्र नसेल तर लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन घेण्याचीही आपल्याला सक्ती नव्हती. शिवाय आपल्याकडे वसीयत मुळात एक तृतीयांशापुरती. बाकीचे हिस्से सूरह निसामध्ये ठरलेले. त्यामुळे कोर्टात जाण्याचं कारण कमी, आणि म्हणून आपल्या घराण्यांचे असे कागदही कमी. पण पैसा दुसऱ्याच्या हातात असला, म्हणजे बँकेत, पोस्टात, शेअरमध्ये किंवा कंपनीकडे थकलेल्या पगारात, तर देणारा विचारतोच, "वारस कोण, कागद दाखवा." मग लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन किंवा सक्सेशन सर्टिफिकेट घ्यावं लागतं. आमचे दादा जहाजावर होते. त्यांचे पैसे कंपनीकडे होते, थोडे पोस्टात होते. गावची जमीन असती तर तलाठ्याकडे नोंद होऊन भागलं असतं.

मुंबई शहराचं हे काम फार जुनं आहे. १७२६ च्या सनदेने मुंबईत मेयर्स कोर्ट आलं आणि त्याला मृत्युपत्रांचं प्रोबेट देण्याचा अधिकार मिळाला. पुढे १७९८ मध्ये रेकॉर्डर्स कोर्ट, मग सुप्रीम कोर्ट, आणि १८६२ पासून हायकोर्ट. १९४८ साली सिटी सिव्हिल कोर्ट निघालं तरी वारसाचे हे मामले हायकोर्टाकडेच राहिले. म्हणून मुंबईत वारलेल्या माणसाचा कागद हायकोर्टात शोधायचा आणि ठाण्या-रायगड-रत्नागिरीतल्या माणसाचा त्या त्या जिल्ह्याच्या कोर्टात. शहराबाहेर आणखी एक चीज सापडते, ती म्हणजे वारस दाखला. तो आजही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळतो. एल्फिन्स्टनच्या काळातला नियम अजून चालू आहे म्हटल्यावर माझ्या शाळेतले सहकारी हसले, पण खरं आहे.

मेयर्स कोर्टाच्या काळातले दप्तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्य पुराभिलेखागारात आहे. तिथे वाचायला जाणाऱ्याने मोडी शिकून जावं. मला उर्दू येते, मराठी येते, मोडी येत नाही. त्याची खंत आहे.

आता गठ्ठ्याकडे परत येतो. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडच्या नियमांत असं आहे, की माणूस वारल्यापासून तीन वर्षांनंतर पहिल्यांदा अर्ज करत असाल, तर उशीर का झाला हे अर्जातच लिहा. पटलं नाही तर कोर्ट आणखी पुरावा मागू शकतं. १९८३ साली वासुदेव सदारंगानी विरुद्ध सजनी लालवानी या खटल्यात मुंबई हायकोर्टाने म्हटलं, की उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, पण उशीर जितका मोठा तितका संशय मोठा. पुढे २००८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तीन वर्षांच्या मुदतीचा मुद्दा मानला, मात्र ती मुदत अर्ज करण्याचा हक्क निर्माण झाल्यापासून मोजायची, मृत्यूच्या तारखेपासूनच असं नाही, असं सांगितलं. वकिलांना यात मुदतीचा कायदा दिसतो. मला त्यात सोनं दिसतं. कारण या नियमामुळे घरातल्या कोणाला तरी शपथेवर लिहावं लागतं, की एवढी वर्षं आमच्या घरात काय चाललं होतं. कोण परदेशात होता, कोण अल्पवयीन होतं, कोण कोणाशी बोलत नव्हतं. असा 'उशिराचा परिच्छेद' दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदात मिळणार नाही.

उशिराची कारणं आपल्या घरात काही नवीन नाहीत. चाळिसाव्याच्या आधी वाटणीचं नाव काढलं तर लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण लक्षात ठेवतात. चाळिसाव्यानंतर अम्मी जिवंत आहेत म्हणून थांबायचं. अम्मी गेल्या की बहिणीचं लग्न. मग भाऊ सौदीला. शेवटी इमारत पडायला येते तेव्हा सगळे जागे होतात, आणि तोवर वारसांचे वारस झालेले असतात. काही कारणं मात्र इतिहासाची आहेत. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत स्फोट झाला. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि कोकणातली घरंच्या घरं उजाड झाली. अशा वेळी मय्यतच सापडत नाही. मग १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम १०८ लागायचं: सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं धरता येतं. समुद्रात गेलेल्या माणसाचा कागद सात-आठ वर्षांनी निघालेला दिसला तर घरचे झोपले होते असं समजू नका. फाळणीनंतर आणखी एक भीती होती. १९५० चा निष्क्रांत मालमत्तेचा कायदा होता, आणि कराचीला गेलेल्या मुलाचा वाटा कस्टोडियनकडे जाण्याची धास्ती होती. त्या दशकांतले कागद वाचताना, ज्याचं नाव घरात घेतात पण यादीत नाही, अशा मुलाबद्दल हे आठवावं.

आमच्या गठ्ठ्यातल्या परिच्छेदात चार कारणं होती. मोठा मुलगा जहाजावर. विधवा १९५५ साली वारली. मुलगी, म्हणजे अम्मीची फुफी, १९५६ साली वारली, आणि तिची तारीख महिन्यासकट दिली होती. तिची दोन मुलं तेव्हा लहान होती. त्यातला मुलगा बापाबरोबर मोंबासाला गेला होता आणि त्याचा पत्ता मिळवायला वेळ लागला.

१९५६ वाचून मी थांबलो. कारण आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले ते असं, की फुफी मुलीच्या बाळंतपणात गेली. तिच्या बापाच्या हयातीत गेली. दादांनी स्वतः तिला खांदा दिला, आणि त्या दुःखात ते वर्षभरही जगले नाहीत. ती मुलगी १९५३ च्या सुरुवातीची. अर्जात तिचं वय अठरा लिहिलंय. वयाचं मी एकदम खरं मानत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात अर्धा वर्ग १ जूनला जन्मलेला असतो, हे मी रोज बघतो. १९५६ सुद्धा टायपिस्टची चूक असू शकत होती. इतक्या वर्षांनी सांगितलेली तारीख, कोणी सांगितली, कशावरून, काय माहीत.

इथे मला कायद्यापेक्षा फराइज उपयोगी पडलं. आपल्या फराइजच्या किताबांत मुनासखाचा वेगळा बाब असतो. एकाचा तरका वाटायच्या आधीच वारसांपैकी दुसरा वारला, मग तिसरा, तर हिस्से कसे काढायचे, त्याचा हिशेब. सिराजीत तो आहे. मदरशांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं हे पुस्तक विल्यम जोन्सने १७९२ मध्ये कलकत्त्यात इंग्रजीत आणलं, कारण कंपनीच्या कोर्टांना त्याची गरज होती. वाटणीला उशीर होणार हे आपल्या उलेमांनी इतक्या आधी धरून ठेवलं होतं, की त्याचं गणित तयार होतं.

अर्जात वारसांपुढे हिस्से लिहिले होते, चाळीस भाग धरून. दोन मुलगे, सोळा-सोळा. फुफीचा नवरा, दोन. तिचा मुलगा, चार. तिची मुलगी, दोन. मी खडू घेऊन बसावं तसा बसलो. दादा वारले तेव्हा मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे चाळिसातले ५. उरले ३५. मुलग्याला मुलीच्या दुप्पट, म्हणून १४, १४ आणि ७. मग दादी वारली. तिचे ५ तिच्या तीन मुलांत, २, २ आणि १. झाले १६, १६ आणि ८. मग फुफी वारली. तिचे ८: नवऱ्याला चौथाई २, उरलेल्या सहात मुलाला ४, मुलीला २. कागदाशी तंतोतंत जुळलं. आम्ही कोकणी शाफई, पण या हिशेबात हनफी-शाफई असा फरक पडत नाही.

आता उलटं करून बघा. फुफी बापाच्या आधी गेली असती, तर मुलगे हयात असताना तिच्या मुलांना नानाच्या तरक्यात काहीच हिस्सा नव्हता. त्यांची नावं हिश्शासकट यादीत आलीच नसती. म्हणजे ती नावं तिथे असणं हाच पुरावा, की १९५३ च्या नोव्हेंबरात फुफी जिवंत होती. एवढंच नाही. ती दादीच्या आधी गेली असती तर आईला मुलीचा सहावा हिस्सा मिळाला असता, आणि दादीच्या हिश्शातून नातवंडांना काही आलं नसतं. तो हिशेबही मी केला. चाळिसाच्या जागी १,४४० भाग करावे लागतात, तेव्हा कुठे पूर्णांक येतात. कागदावर साधे चाळीस आहेत. म्हणजे क्रम दादा, दादी, मग फुफी. टायपिस्ट तारखेत चुकू शकतो, पण पाच जणांचे हिस्से एकाच चुकीच्या क्रमाने जुळवून आणणार नाही.

हे मी इतकं लांबवून सांगतोय, कारण आपल्या बहुतेक घरांत जुन्या मृत्यूच्या नोंदी नाहीत. गावाकडे कोतवाल बुक असतं, गाव नमुना १४. कुणबी नोंदींच्या शोधामुळे ते अलीकडे सगळ्यांना माहीत झालं. पण प्रत्येक गावचं शाबूत नाही. हिश्शांची यादी मात्र फेरफारातही मिळते. वारसाची खबर तीन महिन्यांत द्यावी असं महसूल कायदा सांगतो, आणि लोक तीस वर्षांनी देतात. तो फेरफार काढा, आणेवारी बघा, आणि कोण कोणाच्या आधी गेलं ते ताडून पाहा. एक सावधगिरी मात्र ठेवा. बहिणींनी हक्कसोड पत्र केलं असेल तर हिस्से बिघडतात, आणि कित्येक नोंदींत बहिणींची नावं घेतलेलीच नसतात. 'आपले अभिलेख'वर काही तालुक्यांचे जुने फेरफार घरबसल्या दिसतात.

कच्छी मेमन आणि खोजा वाचकांसाठी आणखी एक. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांच्यासमोर खोजा आणि मेमन मुलींनी कुराणाप्रमाणे वाटा मागितला. कोर्टाने जमातीची रूढी मानली आणि मुलींना वाटा नाकारला. पुढे १९३७ चा शरियत कायदा आणि १९३८ चा कच्छी मेमन कायदा येईपर्यंत हे बऱ्याच अंशी चाललं. तेव्हा १९१० च्या कागदात मुलींची नावं दिसली नाहीत तर मुली नव्हत्या असं शजऱ्यात लिहू नका. आणि ज्यांचे लोक केपटाऊनला गेले, त्यांनी तिथल्या इस्टेट फायली मागवाव्यात. तिथल्या मृत्यूच्या नोटिशीत आई-बापाचं नाव, जन्मगाव, बायको आणि मुलं एका पानावर असतात. रत्नागिरी आणि जंजिऱ्याकडून तिथे गेलेल्या कोकणी घरांची गावं कधी इथे सापडत नाहीत, तिथे सापडतात.

मी राहतो त्या नवघरात जुने कागद सगळ्यांच्या बोलण्यात असतात, कारण १८७० साली ब्रिटिश सरकारने इथल्या परिसरातली जमीन रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली होती. आगरी-कोळ्यांची जुनी घरं, मिठागरं, मग १९८५ ची नगरपालिका, आणि डोंगरी-मदनपुऱ्याकडून आलेले आम्ही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी अशी एखादी पेटी असेल. मुंबईची खोली सोडताना बरोबर आणलेली, कधी न उघडलेली.

गठ्ठ्याचं मी मामूंना सांगितलं. ते म्हणाले, "ठेव तो कागद. जे गेले ते गेले." मामूंचं म्हणणं मला कळतं. कारण त्या चाळीस भागांतले सोळा त्यांच्या अब्बांचे, म्हणजे माझ्या नानांचे. एकूण रक्कम होती ४,२०० रुपये. फुफीच्या मुलीचे २१० रुपये. ॲडमिनिस्ट्रेटर होते नानांचे मोठे भाऊ. पैसे उचलण्याचा अधिकार त्यांना मिळाला, पण त्याने सगळे पैसे त्यांचे होत नव्हते. वारसांना वाटून एका वर्षात कोर्टाला हिशेब द्यायचा असतो. तो हिशेब आमच्या पेटीत नाही. बाळंतपणाची गोष्ट कोणी मुद्दाम रचली असं मी म्हणणार नाही. कोर्टात त्यांनी शपथेवर खरं सांगितलं, मुलांची नावं लिहिली, हिस्से बरोबर लिहिले. घरात मात्र जी गोष्ट चालली, तिच्यात त्या मुलांचा काही हक्कच उरत नव्हता. हे दोन्ही एकाच घरात, एकाच वेळी होतं.

ती मुलगी आज सत्तरी ओलांडलेली आहे आणि मुंब्र्याला असते. मी तिला खाला म्हणतो. लहानपणापासून तिने ऐकलंय की तू आलीस आणि तुझी आई गेली. तिच्या वाढदिवसाला घरात कधी कोणी गोड केलं नाही, असं अम्मी सांगायची.

फोन करावा की नाही यात माझे दोन आठवडे गेले. २१० रुपयांचं काय बोलायचं हे ठरत नव्हतं. शेवटी रविवारी केला आणि जे होतं ते सरळ सांगितलं: तारीख, हिस्से, क्रम, पैसे. त्या बऱ्याच वेळ गप्प होत्या. पैशांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. तारीख पुन्हा सांगायला लावली आणि कोणाला तरी कागद-पेन आणायला सांगितलं. मग चाँदची तारीख विचारली, फातिहासाठी. मी म्हटलं, "जुन्या जंत्रीतून काढतो, एखादा दिवस इकडेतिकडे होईल."

"होऊ दे," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं होती म्हणजे तिने मला चालताना बघितलं असेल. अम्मा म्हणताना ऐकलं असेल."